आयकर विवरणपत्र भरल्यानंतर हिशेबाची आवराआवर : छोट्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विवरणपत्र भरून पोचपावती मोबाइलवर आली की बहुतेक दुकानदार त्या वर्षाची फाइल दोरीने बांधून माळ्यावर टाकतात आणि पुढच्या जुलैपर्यंत तिची आठवण काढत नाहीत. तालुक्याच्या बाजारपेठेतील किराणा, हार्डवेअर, कापड आणि छोट्या वर्कशॉपचे हिशेब लिहिताना मला वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसत आली आहे. बहुतेक अडचणींचे मूळ विवरणपत्र भरल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतील दुर्लक्षात असते. विवरणपत्रात दिलेला ताळेबंद हा मालकाने स्वतःच्या सहीने सरकारला दिलेला शब्द असतो, आणि दुकानातली वही त्या शब्दाशी जुळती ठेवण्याचे काम विवरणपत्र भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. पुढील उत्तरे मुख्यतः एकल मालकीच्या आणि भागीदारीच्या व्यवसायांसाठी आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु त्याआधीच्या वर्षांच्या प्रकरणांना १९६१ चाच कायदा लागू राहतो आणि बाजारात जुनेच क्रमांक तोंडात बसलेले आहेत, म्हणून येथे तेच वापरले आहेत.

पोचपावती मिळाली म्हणजे विवरणपत्राचे काम संपले का?

विवरणपत्राची पडताळणी झालेली नसेल तर संपले नाही. विवरणपत्र अपलोड केल्यापासून ३० दिवसांच्या आत आधार ओटीपी, नेटबँकिंग किंवा पूर्वप्रमाणित बँक खात्याद्वारे ई-पडताळणी करावी लागते, किंवा सही केलेली पोच बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे स्पीड पोस्टाने पाठवावी लागते. ही मुदत उलटून नंतर पडताळणी केली, तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरली जाते आणि वेळेत भरलेले विवरणपत्रही उशिराचे ठरू शकते. त्याचा फटका केवळ विलंब शुल्कापुरता राहत नाही. व्यवसायातील तोटा पुढील ८ वर्षांपर्यंत ओढून नफ्यातून वजा करण्याचा हक्क विवरणपत्र वेळेत भरणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळे ज्या वर्षी धंदा बसला त्या वर्षी तर पडताळणीची खात्री दोनदा करावी.

कलम १४३(१) चे इंटिमेशन (विवरणपत्र तपासून विभागाने पाठवलेले सूचनापत्र) ई-मेलवर आले आहे. त्यात नेमके काय पाहायचे?

ती पीडीएफ फाइल उघडण्यासाठी पासवर्ड म्हणून आपला पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख लिहावी लागते. भागीदारी संस्थेसाठी स्थापनेची तारीख लागते. आत दोन रकाने शेजारी-शेजारी असतात : एकात आपण दाखवलेले आकडे आणि दुसऱ्यात विभागाने हिशेब करून काढलेले आकडे. दोन्ही सारखे असतील तर ते पान छापून त्या वर्षाच्या फाइलमध्ये लावावे. फरक असेल तर तो बहुधा टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर), आगाऊ कराचे चलन किंवा एखादी नाकारलेली वजावट यांपैकी एका ओळीत सापडतो. चलन भरताना करनिर्धारण वर्ष (ज्या वर्षाचे उत्पन्न त्याच्या पुढचे, कर ठरवण्याचे वर्ष) चुकीचे निवडले गेले की भरलेला करही दिसेनासा होतो, ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. आपले म्हणणे बरोबर असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरूनच करता येतो. मागणी खरी असेल तर ती ३० दिवसांत भरावी, कारण त्यानंतर व्याज चढू लागते.

परतावा अजून जमा झाला नाही. तो हिशेबात कसा लिहायचा?

आधी पोर्टलवर बँक खाते प्रमाणित आहे का आणि खात्यावरचे नाव पॅनवरील नावाशी जुळते का, ते पाहावे. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी कोड तसाच राहिल्यामुळेही परतावे अडकतात. रक्कम जमा झाली की ती विक्रीत किंवा इतर उत्पन्नात लिहू नये. मालकी व्यवसायात मालकाचा आयकर हा त्याचा वैयक्तिक खर्च असल्याने परतावा भांडवल खात्यात जमा होतो. त्यासोबत आलेले व्याज मात्र त्या वर्षाचे करपात्र उत्पन्न असते आणि पुढच्या विवरणपत्रात ते दाखवावेच लागते.

ताळेबंदात रोकड शिल्लक मोठी दिसते, पण गल्ल्यात तेवढे पैसे नाहीत. असे का होते आणि आता काय करावे?

छोट्या व्यवसायाच्या हिशेबातील हे सर्वांत दुखरे ठिकाण आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

एका किराणा दुकानाचा ताळेबंद माझ्यासमोर आला, तेव्हा त्यात ३१ मार्चची हातातील रोकड ४,१२,००० रुपये होती. मालकांसमोरच गल्ला उघडून नोटा, सुटी नाणी आणि देवाच्या फोटोमागे ठेवलेले पाकीट असे सगळे मोजले, तर १८,६५० रुपये भरले. चोरी झाली नव्हती आणि कोणी लबाडीही केली नव्हती. रोजची विक्री नियमाने लिहिली जात होती, मालाची देयके लिहिली जात होती. पण आठवड्याच्या बाजारासाठी काढलेले पैसे, मुलांची फी, गावच्या घराची कौले बदलण्याचा खर्च आणि भाचीच्या लग्नातील आहेर यांपैकी एकही रक्कम रोजकीर्दीत उतरली नव्हती. गल्ल्यातून पैसे गेले, वहीतून गेले नाहीत, आणि तीन वर्षांत वहीतली रोकड फुगत गेली.

ही फुगलेली रोकड दोन ठिकाणी त्रास देते. बँकेचा अधिकारी कर्जाच्या वेळी विचारतो की एवढी रोकड पडून आहे तर कर्ज कशाला हवे. आणि विभागाची माणसे प्रत्यक्ष पाहणीला आलीच, तर वही आणि गल्ला यांतील फरकाचे उत्तर मालकाला जागेवर द्यावे लागते. याच्या उलट, वहीतील रोकड एखाद्या दिवशी उणे दिसत असेल तर ते अधिक गंभीर आहे, कारण शिल्लक नसताना खर्च केलेले पैसे कोठून आले या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल तर ती रक्कम अस्पष्टीकृत उत्पन्न ठरून तिच्यावर जड दराने कर लागतो.

दुरुस्ती प्रामाणिकपणे आणि उघडपणे करावी. विवरणपत्र दुरुस्त करण्याची मुदत शिल्लक असेल तर सल्लागाराशी बोलून ताळेबंद सुधारलेले विवरणपत्र भरावे. मुदत उलटली असेल तर मागील तारखेच्या नोंदी घुसडू नयेत. चालू वर्षात, ज्या दिवशी फरक सापडला त्या दिवसाच्या तारखेने, 'मागील वर्षांतील घरखर्चाची न लिहिलेली उचल' असा स्पष्ट तपशील देऊन ती रक्कम भांडवल खात्यातून वजा करावी आणि मोजलेल्या रोकडीचा कागद सहीसह वहीला जोडावा. उचल हा व्यवसायाचा खर्च नसल्याने नफ्याचा आकडा यामुळे बदलत नाही. त्यानंतर दर शनिवारी दुकान बंद करताना गल्ला मोजून वहीशी ताडून पाहण्याची सवय लावावी. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात.

मागील वर्षाच्या शिलका नव्या वर्षात आपोआप येतात ना?

संगणकावरील हिशेबात त्या येतात, पण ज्या दिवशी आल्या त्या दिवसाच्या येतात. विवरणपत्र भरण्याआधी सल्लागाराने घसारा (वापराने घटणारी मालमत्तेची किंमत), थकीत खर्च, शिल्लक मालाची किंमत यांच्या शेवटच्या नोंदी स्वतःच्या संगणकावर केलेल्या असतात आणि दुकानातील टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नसतात. त्यामुळे सल्लागाराकडून अंतिम तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) मागवून १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलका ओळीने ताडून घेणे हे विवरणपत्रानंतरचे पहिले काम आहे. उदाहरणार्थ, २,००,००० रुपयांच्या यंत्रावर १५ टक्के दराने ३०,००० रुपये घसारा विवरणपत्रात घेतला असेल, तर नव्या वर्षात त्याची किंमत १,७०,००० रुपये असली पाहिजे. दुकानाच्या वहीत ती २,००,००० रुपयेच राहिली, तर पुढच्या वर्षीचा घसारा, नफा आणि भांडवल हे तिन्ही आकडे चुकतात. शिल्लक मालाचेही तसेच आहे : ३१ मार्चला जो अखेरचा साठा दाखवला, तोच १ एप्रिलचा आरंभीचा साठा असतो, त्यात एक रुपयाचाही फरक चालत नाही.

घराचे आणि दुकानाचे बँक खाते वेगळे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे का?

मालकी व्यवसायासाठी आयकर कायद्यात तशी सक्ती नाही. तरीही, मला एकच सुधारणा सुचवायची मुभा दिली तर मी हीच सुचवीन. एकाच खात्यात दुकानाची यूपीआय वसुली, सासऱ्यांनी परत केलेले हातउसने आणि एलआयसीचा हप्ता असे सगळे एकत्र आले, की वर्षाअखेरी प्रत्येक जमा रकमेचा खुलासा आठवून द्यावा लागतो, आणि आठवण दगा देते. दुकानासाठी चालू खाते ठेवावे, यूपीआयचा क्यूआर कोड त्याच खात्याशी जोडावा आणि घरखर्चासाठी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम बचत खात्यात वळवावी. जीएसटी भरणाऱ्यांनी ग्राहकाकडून घेतलेला कर तिसऱ्या खात्यात बाजूला काढला तर २० तारखेची धावपळ पुष्कळ कमी होते.

पुरवठादारांची देणी वेळेत न दिल्याने खर्च नाकारला गेला, असे सल्लागार म्हणाले. तो खर्च कायमचा गेला का?

नाही. कलम ४३बी(एच) नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला द्यायची रक्कम लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. ही तरतूद करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे गेल्या वर्षी नाकारलेली रक्कम यंदा चुकती केली असेल तर यंदाच्या उत्पन्नातून ती वजा करायची असते. घोळ असा होतो की ही आठवण कोणाच्याच वहीत नसते; खर्च गेल्या वर्षी लिहिला गेलेला असतो आणि यंदाच्या नफा-तोटा पत्रकात तो दिसत नाही. म्हणून विवरणपत्र भरल्याबरोबर सल्लागाराकडून उत्पन्नाच्या गणनेचे पत्रक मागून घ्यावे आणि नाकारलेल्या प्रत्येक रकमेची यादी चालू वर्षाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

आपण स्वतः उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले उत्पादक किंवा सेवा पुरवठादार असाल, तर हाच नियम आपल्या बाजूने काम करतो. थकलेल्या बिलांवर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पत्रव्यवहारात या तरतुदीचा नुसता उल्लेख केल्यावर सहा महिने रखडलेले बिल निघालेले मी पाहिले आहे.

जीएसटी आणि आयकर यांतील विक्रीचा आकडा जुळला पाहिजे का?

दोन्ही आकडे सारखेच असतील असे नाही, पण फरकाचे कारण कागदावर मांडता आले पाहिजे. जीएसटीत भरलेली विक्री आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसते, त्यामुळे तफावत विभागाला शोधावी लागत नाही. मालकाने विकलेली धंद्याची जुनी गाडी, आगाऊ रकमा, कराची रक्कम विक्रीत धरली की वगळली, अशा कारणांचा एक पानी मेळ त्या वर्षाच्या फाइलमध्ये हवा.

यासाठी वेळेचे एक महत्त्वाचे बंधन आहे. मार्चला संपलेल्या वर्षाच्या खरेदीवरील राहून गेलेला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) पुढील ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतो, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले तर त्या दिवसापर्यंत. विक्रीच्या बिलांतील चुकाही साधारणपणे त्याच मुदतीत सुधाराव्या लागतात. आयकराचे काम हातावेगळे झाल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ या जुळवणीसाठी राखून ठेवावा. पुरवठादाराने बिल स्वतःच्या विवरणपत्रात दाखवले नसेल तर त्याच्यामागे लागायलाही तेवढा अवधी लागतोच. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, हेही उधारीची यादी करताना पाहावे.

आगाऊ कर मलाही लागू होतो का? या वर्षी व्याज बसले.

टीडीएस वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल तर लागू होतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के, असा त्याचा क्रम आहे. वर्षाचा अंदाजित कर ८०,००० रुपये असेल तर या तारखांपर्यंत एकूण भरणा अनुक्रमे १२,०००, ३६,०००, ६०,००० आणि ८०,००० रुपये झालेला असावा. कलम ४४एडी खाली अनुमानित नफा दाखवणाऱ्यांना मात्र संपूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरण्याची सवलत आहे. चुकवल्यास महिन्याला १ टक्का दराने व्याज लागते.

सर्वांनी दरमहा समान रक्कम बाजूला काढावी, असा सल्ला मी देत नाही. खत-बियाण्यांच्या दुकानाचा पैसा पेरणीच्या हंगामात फिरतो, कापडवाल्याचा दिवाळीत आणि लग्नसराईत. ज्या महिन्यांत गल्ला भरतो त्याच महिन्यांत कराचा वाटा काढून ठेवावा, मंदीच्या महिन्यात त्यासाठी उधार घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

मी ४४एडी खाली विवरणपत्र भरतो, मग वही ठेवण्याची गरज नाही ना?

कायद्याने सविस्तर हिशेबपुस्तकांची सक्ती नसली, तरी त्या विवरणपत्रातही येणी, देणी, शिल्लक साठा आणि हातातील रोकड यांचे आकडे भरावे लागतात, आणि ते अंदाजाने भरले की वर दिलेल्या रोकडीच्या प्रश्नाची सुरुवात होते. रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के हा किमान दर असल्याने कोणती वसुली कशाने झाली याची नोंदही लागते. उलाढालीची मर्यादा २ कोटी रुपये आहे आणि रोख वसुली एकूण वसुलीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ती ३ कोटी रुपये होते. या योजनेतून एकदा बाहेर पडल्यास पुढील ५ वर्षे परत येता येत नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी नफा कमी झाला म्हणून घाईने बाहेर पडू नये.

कागद किती वर्षे सांभाळायचे?

आयकराच्या नियमानुसार हिशेबपुस्तके संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षे ठेवावी लागतात. आर्थिक वर्ष २०२४-२५ ची पुस्तके म्हणजे ३१ मार्च २०३२ पर्यंत. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. जागा, यंत्रसामग्री आणि कर्ज यांचे कागद मात्र मालमत्ता विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे टाकू नयेत.

पेट्रोल पंपाच्या, कार्ड यंत्राच्या आणि मॉलच्या पावत्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात. एका ग्राहकाने अशा पावत्यांची बाइंडरक्लिप लावलेली जाडजूड गड्डी मला दोन वर्षांनी आणून दिली. वरच्या काही पावत्यांवर फिकट जांभळी छाया होती, खालचे सगळे कागद कोरे होते. अशा पावत्यांचा त्याच आठवड्यात मोबाइलने फोटो काढून महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा.

भरल्यानंतर चूक लक्षात आली तर?

मुदतीत असाल तर दुरुस्त विवरणपत्र भरावे. त्यासाठी वेगळा दंड लागत नाही असे समजून चालढकल करू नये, कारण मुदत संपल्यावर उरतो तो अद्ययावत विवरणपत्राचा महागडा मार्ग. २०२५ च्या वित्त अधिनियमानंतर ते करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते. पहिल्या वर्षात कर व व्याजाच्या २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षात ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. या मार्गाने परतावा वाढवून मागता येत नाही.

कर वाचवण्यासाठी नफा कमी दाखवला, आता बँक कर्ज देत नाही. काय करावे?

जुने आकडे बदलता येत नाहीत, आणि बँकेसाठी निराळा ताळेबंद करून देणारा सल्लागार भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. दोन ताळेबंद असणे हा गुन्ह्याकडे नेणारा रस्ता आहे. बँका साधारणपणे मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे, ताळेबंद आणि खात्याचे उतारे पाहतात. पुढच्या दोन वर्षांत कर्ज लागणार असेल तर खरा नफा आजपासून दाखवायला सुरुवात करावी, विक्री बँकेमार्फत घ्यावी आणि उद्यम नोंदणीतील माहिती अद्ययावत ठेवावी. लहान गरजेसाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते.

विभागाच्या नावाने आलेला संदेश खरा की खोटा, हे कसे ओळखायचे?

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर टाकून पत्र खरे आहे का ते लॉग-इन न करताही तपासता येते. परताव्यासाठी लिंक उघडून कार्डाचा पिन किंवा ओटीपी मागणारा संदेश खोटाच समजावा. याच वेळी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल आपलाच आहे का, तेही पाहावे. अनेकांच्या खात्यावर वर्षांपूर्वीच्या सल्लागाराचा क्रमांक असतो, नोटीस त्याच्याकडे जाते आणि मालकाला ती कळते तेव्हा उत्तराची तारीख उलटलेली असते.

महाराष्ट्रात आयकराव्यतिरिक्त आणखी काय पाहावे?

व्यवसाय कराची मालकाची वार्षिक २,५०० रुपयांची रक्कम ३० जूनपूर्वी भरली का ते पाहावे. नोकर असतील तर त्यांच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर वेगळ्या नोंदणीखाली भरावा लागतो. १०,००० रुपयांवरील पगाराला तो दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, आणि महिला कर्मचाऱ्यांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. दुकानाचा पत्ता बदलला असेल तर गुमास्ता, जीएसटी, उद्यम आणि बँक या चारही ठिकाणी तो सारखा असावा.

आम्ही दिवाळीला वह्यापूजन करतो. हिशेबाचे वर्ष तेव्हापासून धरता येणार नाही का?

पूर्वी अनेक व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी असे आणि आयकरालाही ते चालत असे. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून मात्र सर्वांसाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. लक्ष्मीपूजनाची प्रथा त्यामुळे निरर्थक होत नाही. उलट दिवाळीआधीची साफसफाई हा साठा मोजण्याचा उत्तम मुहूर्त आहे, कारण त्या वेळी फळीवरचा प्रत्येक डबा तसाही खाली उतरतो. त्याच दिवशी मालाची मोजणी, उधारीच्या खात्यांची यादी आणि गल्ल्यातील रोकड एका कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून तो पूजेच्या वहीत ठेवावा. मार्चअखेरीचा ताळेबंद करताना सल्लागाराला तो कागद दाखवला, म्हणजे वर्षाच्या मधोमध मोजलेला एक खात्रीचा आकडा त्याच्या हाती असतो आणि फरक नेमका कोणत्या सहा महिन्यांत पडला ते शोधता येते.